उणे २५ ते अधिक ३५: ट्रॅक्टरला बारमाही एकच इंजिन ऑइल चालेल का?

नांगरफाळ

चार सिलिंडरचा टर्बो डिझेल ट्रॅक्टर, ७५ एचपी. साधा रोटरी पंप, कॉमन रेल नाही, सायलेन्सरमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी गाळणारा फिल्टर) हाही नाही. फिल्टर धरून चेंबरमध्ये साडेनऊ लिटर ऑइल बसतं. मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-४० ग्रेड, एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम संस्था) सीआय-४ दर्जा आणि दर २५० तासांनी बदली असं लिहिलंय.

हिवाळ्यात पहाटे पारा उणे २० च्या आसपास असतो, काही दिवस उणे २५ पर्यंत जातो. शेड पत्र्याची, आत गरम करायची सोय नाही. बर्फ सारायला आणि चारा ओढायला ट्रॅक्टर रोज सकाळी लागतोच. उन्हाळ्यात त्याच ट्रॅक्टरला ३५ अंशांत नांगरट आणि रोटाव्हेटर, तेही पूर्ण लोडवर. वर्षाचे तास जेमतेम ३००. हिवाळ्याचं वेगळं आणि उन्हाळ्याचं वेगळं ऑइल भरायचं म्हटलं तर दरवेळी अर्धवट वापरलेलं ऑइल काढून टाकावं लागेल.

बारमाही एकच ग्रेड भरायचा तर कोणता? ५डब्ल्यू-४० उन्हाळ्यात पातळ पडेल का? आणि सध्याच्या १५डब्ल्यू-४० च्या डेटाशीटवर पोअर पॉइंट उणे ३३ दिलाय, मग उणे २५ ला तेच चालायला हरकत काय?


डिपस्टिक

५डब्ल्यू-४० भरा, सीके-४ किंवा सीआय-४ दर्जाचं, ट्रकच्या डिझेल इंजिनासाठी बनवलेलं. कारण सांगतो, म्हणजे उद्या दुकानात दुसरा डबा समोर आला तरी निवडता येईल.

ग्रेडमधले दोन आकडे दोन वेगळ्या परीक्षांचे निकाल आहेत. डब्ल्यूच्या आधीचा थंडीतला, नंतरचा गरम इंजिनातला. ५डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-४०, दोघांचा मागचा आकडा ४०. म्हणजे १०० अंशांना दोघांचीही व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) १२.५ ते १६.३ सेंटीस्टोकच्या मध्येच असायला हवी. त्यामुळे ५डब्ल्यू उन्हाळ्यात पाण्यासारखं होईल ही भीती सोडून द्या. नांगर ओढताना इंजिनाला दोन्ही जवळपास सारखीच लागतात. फरक आहे तो पहाटे सेल्फ मारताना.

थंडीतल्या परीक्षा दोन. पहिलीत क्रँक फिरवताना ऑइल किती अडतं ते बघतात. १५डब्ल्यू पास व्हायला उणे २० ला ७००० सेंटिपॉइजच्या आत असावं लागतं, १०डब्ल्यूला तेच ७००० उणे २५ ला, ५डब्ल्यूला उणे ३० ला ६६००, आणि ०डब्ल्यूला उणे ३५ ला ६२००. दुसरी परीक्षा त्याहून पाच अंश खाली होते. चेंबरमधलं ऑइल पंपाच्या तोंडापर्यंत सरकतं का, एवढंच तिथे बघतात. मर्यादा ६०,००० सेंटिपॉइज. १५डब्ल्यूला ही परीक्षा उणे २५ ला द्यावी लागते, ५डब्ल्यूला उणे ३५ ला.

आता तुमचं हवामान यात बसवून बघा. उणे २५ ला १५डब्ल्यू पंपाच्या परीक्षेच्या अगदी काठावर आहे, तेही नवं कोरं असताना. क्रँकिंगची मर्यादा तर पाच अंश मागेच संपली. या पट्ट्यात पारा पाच अंश उतरला की व्हिस्कॉसिटी अंदाजे दुप्पट होते असं धरून चाला. उणे २० ला ७००० असलेलं ऑइल उणे २५ ला तेरा-चौदा हजारांच्या घरात जातं. त्यात बॅटरीची ताकद थंडीने निम्म्यावर आलेली. डिझेल इंजिन पेट घ्यायला साधारण १०० ते १५० आरपीएमने फिरावं लागतं. सेल्फ ऊं...ऊं... करत रडत असेल तर दाबाने हवा पुरेशी तापत नाही, मग ग्लो प्लग कितीही लाल झाले तरी नुसता पांढरा धूर निघतो.

आणि न सुरू होणं हे त्यातलं स्वस्त नुकसान. महागाचं नुकसान तेव्हा, जेव्हा इंजिन सुरू होतं आणि ऑइल वर पोचत नाही.


नांगरफाळ

हे थोडं उलगडून सांगा. थंडीत सुरू केल्यावर प्रेशर गेजचा काटा उलट जास्त वर जातो. पाच-सहा बार दिसतं. म्हणजे ऑइल पोचतंय ना?


डिपस्टिक

काटा दाब दाखवतो, प्रवाह नाही. नळीच्या तोंडावर बोट दाबलं तर दाब वाढतो आणि पाणी बंद होतं, तसलाच प्रकार. ऑइल मधासारखं घट्ट असलं की पंपाजवळ दाब झटकन चढतो. रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाने उचललेल्या ऑइलचा मोठा हिस्सा पुढे न जाता परत चेंबरमध्ये पडतो. जे पुढे जातं त्याला फिल्टरच्या कागदातून शिरता येत नाही, म्हणून फिल्टरचा बायपास उघडतो. म्हणजे ज्या घडीला इंजिनाला स्वच्छ ऑइलची सगळ्यात जास्त गरज आहे, नेमकं तेव्हाच न गाळलेलं आणि अपुरं ऑइल मिळतं. मेन बेअरिंग जवळ असतात, त्यांचं कसंबसं भागतं. रॉकर आणि टर्बोच्या दांड्याला मात्र थांबावं लागतं.

टॅपेट कव्हरचं झाकण उघडून बघितलं तर हे डोळ्यांनी दिसतं. उन्हाळ्यात सुरू केल्यावर काही सेकंदांत रॉकरवर ऑइल पाझरायला लागतं. उणे २० ला घट्ट ऑइल असेल तर बराच वेळ रॉकर कोरडाच चमकत राहतो, आणि गेज मात्र छातीठोकपणे सहा बार सांगत असतं.

याच्या उलट प्रकार जास्त घातक. ऑइल इतकं घट्ट की पंपाच्या स्ट्रेनरभोवतीचं ऑइल ओढलं गेलं, पण बाजूचं सरकून तिथे आलंच नाही. स्ट्रेनरभोवती खड्डा पडतो आणि पंप हवा ओढतो. मग काटा एकदा वर जाऊन खाली पडतो किंवा थरथरतो. असं दिसलं की त्याच क्षणी इंजिन बंद करायचं. चालू राहिलं तर गरम होऊन सुटेल असं म्हणत थांबायचं नाही. तोवर बेअरिंग जातं.


तिसरा गिअर

पोअर पॉइंटचं उत्तर राहिलं, ते मी देतो, कारण सगळ्यात जास्त फसगत याच आकड्याने होते.

पोअर पॉइंट काढताना नळीतलं ऑइल थंड करत जातात आणि दर ३ अंशांना नळी आडवी करून बघतात, हलतंय का. जिथवर जरा तरी हललं तिथवर पास. हललं म्हणजे पंपातून गेलं असं नाही. उणे ३३ चा पोअर पॉइंट म्हणजे उणे ३३ ला ऑइल आपल्या वजनाने कुशीवर वळतं, एवढाच अर्थ. पंपाला सलग ऑइल पुरवायचं काम वेगळंच.

दुसरी गोम अशी की ऑइल कसं थंड झालं यावरही सगळं अवलंबून असतं. मिनरल ऑइलमध्ये थोडं मेण असतंच. झटकन गार केलं तर स्फटिक बारीक राहतात. दोन-तीन दिवस सावकाश गार होत गेलं तर ते एकमेकांत अडकून जाळी विणतात आणि ऑइल दह्यासारखं धरतं. १९८०-८१ च्या हिवाळ्यात अमेरिकेत साउथ डकोटातल्या सू फॉल्स भागात हेच झालं. कागदावर पास असलेली मल्टिग्रेड ऑइलं चेंबरमध्ये धरली आणि इंजिनं गेली. त्यानंतर पंपाच्या परीक्षेत ऑइल ४५ तासांहून जास्त वेळ सावकाश गार करून मग मोजायची पद्धत आली. आज एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेचा डब्ल्यू आकडा त्या परीक्षेवर उभा आहे. म्हणून विश्वास डब्ल्यूच्या आकड्यावर ठेवायचा, पोअर पॉइंटवर नाही. डेटाशीटवर एमआरव्ही नावाची ओळ (हीच ती पंपाची परीक्षा) असेल तर ती वाचा. सोबत कोणत्या तापमानाला मोजलंय तेही बघा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही.

घरच्या घरी फरक बघायचा असेल तर दोन पारदर्शक बाटल्यांत एकात १५डब्ल्यू-४० आणि एकात ५डब्ल्यू-४०, प्रत्येकी पाव लिटर घ्या. घरातल्या डीप फ्रीजरमध्ये उणे १८ ला दोन रात्री ठेवा. मग दोन्ही एकदम आडव्या करा. ५डब्ल्यू लगेच कडेला धावतं, १५डब्ल्यू आधी विचार करतं. ही काही प्रमाणित चाचणी नाही, पण बाकी सगळं वाचायचा कंटाळा असलेल्या माणसाला पटवायला पुरते. बाटल्यांवर चिठ्ठी लावा, फ्रीजर घरातला आहे.


ग्रीसगन

सगळे ऑइलच्या मागे लागलेत. ब्लॉक हीटर बसवला की १५डब्ल्यू-४० नेही काम भागतं, मॅन्युअलच्या बाहेरही जावं लागत नाही. चार सिलिंडरला ५०० ते १००० वॅटचा कूलंट हीटर पुरतो. सुरू करायच्या आधी दोन ते चार तास लावायचा, टायमर असेल तर पहाटे आपोआप लागतो. रात्रभर चालू ठेवण्यात नुसती वीज जाते.

बसवताना लक्ष द्यायच्या गोष्टी: ब्लॉकमध्ये हवा अडकली किंवा कूलंट कमी असलं तर एलिमेंट कोरडा तापून जळतो, म्हणून भरल्यावर इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवून हवा काढा आणि मगच हीटर लावा. कूलंट निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी, ते साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. एक्स्टेन्शनची वायर जाड आणि अर्थिंगवाली हवी. पातळ वायरीच्या गुंडाळ्यावर हजार वॅट ओढले की गुंडाळाच हीटर होतो, आणि शेडमध्ये चारा असतो.


डिपस्टिक

हीटर बसवाच, त्याबद्दल वाद नाही. पण कूलंट हीटर ब्लॉक आणि सिलिंडर गरम करतो. चेंबरमधलं ऑइल खाली असतं आणि उष्णता वर जाते. त्यामुळे इंजिन आनंदाने सुरू होतं आणि पंप अजून गारठलेलं ऑइलच ओढत असतो. म्हणजे बॅटरीचं दुखणं गेलं, बेअरिंगचं राहिलं. चेंबरला बाहेरून चिकटवायचा हीटर वेगळा मिळतो. तो घ्यायचा तर वॅट कमी आणि पसारा मोठा असा. छोट्या जागी जास्त वॅट असले तर पत्र्याला लागलेलं ऑइल करपतं.

शिवाय ज्या दिवशी वीज गेली, किंवा ट्रॅक्टर बाहेर बर्फात चार तास बंद राहिला, त्या दिवशी हीटर काय कामाचा? ऑइल मात्र तेव्हाही आतच असतं.


ग्रीसगन

बाहेर बंद राहिल्याचा मुद्दा मान्य. तरी हीटर आणि ५डब्ल्यू-४० यांपैकी आधी एकच करायचं तर मी हीटर म्हणेन. थंड लायनरमध्ये न जळलेलं डिझेल भिंतीवरचं ऑइल धुऊन चेंबरमध्ये उतरतं, ते ५डब्ल्यूने थांबत नाही, गरम ब्लॉकने थांबतं. आणि चेंबरचा हीटर जोडीला लावला तर तुमचा पहिला मुद्दाही उरत नाही.


चारापाणी

दोघांच्या मध्ये एक पर्याय सुटतोय, १०डब्ल्यू-३०. बरेच जण ३० चा आकडा बघून उन्हाळ्यासाठी नको म्हणतात. पण सीके-४ दर्जाचं १०डब्ल्यू-३० आणि पेट्रोल कारचं १०डब्ल्यू-३० यांत फरक आहे. बेअरिंगमध्ये १५० अंशांना, जोरात चिरडलं जात असताना ऑइलचा थर किती टिकतो हे मोजणारा आकडा असतो, एचटीएचएस. कारच्या ३० ग्रेडला तो २.९ असला तरी चालतो. सीके-४ ला ग्रेड कोणताही असो, ३.५ च्या खाली जायची मुभा नाही. ५डब्ल्यू-४० चीही किमान मर्यादा ३.५ च आहे. फक्त १५डब्ल्यू-४० ची ३.७. म्हणजे कागदोपत्री तरी नांगरटीत १०डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-४० एकाच पायरीवर आहेत.

१०डब्ल्यू-३० चा आणखी एक फायदा म्हणजे दोन आकड्यांतलं अंतर कमी असल्याने त्यात पॉलिमर कमी घालावा लागतो. पॉलिमर गिअर आणि बेअरिंगमध्ये चिरडून तुटतो आणि ऑइल हळूहळू पातळ होतं. स्वस्तातल्या ५डब्ल्यू-४० मध्ये हे आधी दिसतं.

पण उणे २५ ला १०डब्ल्यूही क्रँकिंगच्या मर्यादेवरच उभं राहतं. पारा सहसा उणे २० च्या वर राहतो तिथे मी डोळे झाकून १०डब्ल्यू-३० सांगितलं असतं. इथे ५डब्ल्यू-४०.


नांगरफाळ

५डब्ल्यू-४० पक्कं करतो. जवळच ५डब्ल्यू-३० चा मोठा डबाही मिळतोय, डिझेल इंजिनाचाच आहे, वर एफए-४ लिहिलंय. सीके-४ च्या बरोबरच निघालेला नवा दर्जा म्हणतात. तो घेतला तर?


चारापाणी

नको. अजिबात नको.

सीके-४ आणि एफए-४ हे दोन्ही दर्जे डिसेंबर २०१६ मध्ये एकत्रच आले, म्हणून लोकांना ते जुळे भाऊ वाटतात. सीके-४ मागच्या सीजे-४, सीआय-४, सीएच-४ सगळ्यांच्या जागी चालतं. एफए-४ तसं चालत नाही. त्याचा एचटीएचएस मुद्दाम २.९ ते ३.२ ठेवलाय, इंधन वाचवण्यासाठी, आणि ते फक्त त्यासाठीच बनवलेल्या नव्या ट्रक इंजिनांचं ऑइल आहे. तुमच्या बेअरिंगमधल्या फटी त्या हिशेबाच्या नाहीत. थंडीत झकास सुरू होईल आणि जुलैत रोटाव्हेटरला जोडल्यावर थर फाटेल. मॅन्युअलमध्ये एफए-४ स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो डबा तिथेच ठेवा.

डब्यावरचं अजून एक बघा: सीके-४ मध्ये सल्फेटेड अ‍ॅश जास्तीत जास्त १ टक्का असते, कारण राखेने डीपीएफ तुंबतो. तुमच्याकडे डीपीएफ नाही, म्हणून सीआय-४ घेतलं तरी बिघडत नाही. डिझेलमध्ये गंधक जास्त असेल तिथे उलट सीआय-४ चा वरचा टीबीएन उपयोगी पडतो, आम्ल मारायला. डीपीएफवाल्यांनी मात्र सीआय-४ कडे वळूनही बघू नये.

आणि डब्यावर ‘ट्रॅक्टर ऑइल’ लिहिलंय म्हणून उचलू नका. एसटीओयू हे इंजिन, गिअरबॉक्स, हायड्रॉलिक सगळ्यांत चालणारं असतं. यूटीटीओ हे फक्त गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं. दोन्हींच्या डब्यावर ट्रॅक्टरचंच चित्र असतं आणि कधी कधी १०डब्ल्यू-३० हा आकडाही सारखाच. यूटीटीओ इंजिनात गेलं तर काजळी धरून ठेवणारं काही त्यात नसतं, चेंबरमध्ये गाळ बसतो.


नांगरफाळ

बरं झालं विचारलं. आता शेवटचं: १५डब्ल्यू-४० काढून ५डब्ल्यू-४० भरताना फ्लश वगैरे करायचं का? आणि कधी बदलू?


तिसरा गिअर

फ्लश नको. एपीआय दर्जाची ऑइलं एकमेकांत मिसळतात, फाटत नाहीत. जुनं अर्धा-पाऊण लिटर गॅलरीत आणि कूलरमध्ये राहतं, त्याने काही होत नाही. उरलेला १५डब्ल्यूचा डबा टॉपअपला वापरू नका एवढंच. दोन लिटर मिसळलं की डब्यावरचा ५डब्ल्यूचा आकडा तुमच्या चेंबरमधल्या ऑइलला लागू राहत नाही.

कधी बदलायचं हा खरा महत्त्वाचा प्रश्न. ३०० तासांचं वर्ष असेल तर बदली हिवाळ्याच्या तोंडावर करा, वसंतात नाही. नांगरटीच्या हंगामात ऑइल काजळी आणि उष्णता खाऊन घट्ट झालेलं असतं. गरम असताना ते कळत नाही, उणे २० ला कळतं. नवं असताना ५डब्ल्यू असलेलं ऑइल २५० तासांनी तेवढं ५डब्ल्यू राहत नाही. म्हणून ताजं ऑइल थंडीला आणि मुरलेलं उन्हाळ्याला. वर्षाला ३०० म्हणजे मॅन्युअलच्या २५० पेक्षा ५० जास्त होतात, तेवढ्यासाठी हंगामाच्या शेवटी घाई करून आधी बदला, पुढे ढकलू नका. सिंथेटिक आहे म्हणून ५०० तास चालवायचा मोहही नको. थंडीत इंजिन कमी तापल्याने चेंबरमध्ये डिझेल आणि पाणी उतरतं, ते बेस ऑइल बघून उतरत नाही.

बदली अशी: इंजिन अर्धा तास कामावर चालवून पूर्ण गरम करा. नुसतं जागेवर सुरू ठेवून ऑइल तापत नाही. सपाट जागी लावा, ड्रेन नट काढा, २० मिनिटं निथळू द्या. नटाचा तांब्याचा वायसर नवा टाका, जुना दबलेला असतो आणि थंडीत आकसला की थेंब थेंब गळतो. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला बोटाने ऑइल लावा. फिल्टर उभा बसत असेल तर आधी ऑइलने भरून घ्या, दोनदा भरावा लागतो कारण कागद पितो. कडं टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, पान्याने नाही. नट लावल्यावर साडेआठ-नऊ लिटर भरा, सगळं एकदम नाही. मग इंजिन-बंदचा खटका ओढून धरा आणि सेल्फ दहा सेकंद मारा, थांबा, परत दहा सेकंद, दिवा विझेपर्यंत. त्यानंतरच सुरू करा. दोन मिनिटं चालवून बंद करा, दहा मिनिटांनी डिपस्टिक बघून उरलेलं घाला. वरच्या खुणेच्या वर नको. जास्त भरलं तर क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि फेस पंपाला चालत नाही.


ग्रीसगन

सकाळच्या सुरुवातीचं कुणी सांगितलं नाही. थंडीत सुरू झाल्यावर लगेच रेस करू नका. ८००-१००० आरपीएमला तीन ते पाच मिनिटं, मग हलक्या कामाला लावून तापवा. वीस मिनिटं जागेवर नुसतं चालू ठेवण्यानेही भलं होत नाही. डिझेल इंजिन रिकामं चालताना तापतच नाही, न जळलेलं डिझेल सायलेन्सरमध्ये आणि चेंबरमध्ये जातं. पाण्याच्या तापमानाचं गेज अर्ध्या तासाच्या कामानंतरही खालच्या पट्ट्यात असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. पाण्याचा काटा ८० च्या आसपास आला म्हणजे ऑइल तापलं असंही समजू नका, ते मागे रेंगाळतं. ऑइल नीट तापल्याशिवाय त्यातलं पाणी उडत नाही. फिलर कॅपच्या आत सायीसारखा पिवळट थर दिसला तर तेच.

स्टार्टिंगचा ईथर स्प्रे ग्लो प्लग किंवा इनटेक हीटर असलेल्या इंजिनात कधीच मारू नका. लाल प्लगवर तो वेळेआधी पेटतो, पिस्टन वर येत असतानाच. रिंगा तुटतात, कधी पिस्टनचा कठडाच निघतो. आणि ऑइलमध्ये रॉकेल मिसळून पातळ करायचा जुना सल्ला कुणी दिला तर नमस्कार करून पुढे जा.

बॅटरी पूर्ण चार्ज ठेवा. उतरलेली बॅटरी उणे आठ-दहालाच आतून गोठते आणि फुटते. चार्ज असलेली या थंडीत गोठत नाही.


नांगरफाळ

सगळ्यांचे आभार. ५डब्ल्यू-४० सीके-४ आणि कूलंट हीटर, दोन्ही करतो. एक छोटं: सुरू केल्यावर पॉवर स्टीअरिंग जड लागतं आणि मागून घरघर येते, दहा मिनिटांनी जाते. हेही इंजिन ऑइलमुळेच का?


चारापाणी

नाही, ते मागच्या चेंबरचं ऑइल. हायड्रॉलिक पंप घट्ट ऑइल ओढताना उपाशी राहतो, पोकळी तयार होते, ती घरघर तिची. तिथे थंडीसाठीचं कमी व्हिस्कॉसिटीचं यूटीटीओ मिळतं, मॅन्युअलमध्ये दिलेला स्पेसिफिकेशन नंबर जुळवूनच घ्या. इंजिनाचं उरलेलं ५डब्ल्यू-४० तिथे ओतू नका. ऑइलमध्ये बुडालेल्या ब्रेकच्या प्लेटांना घर्षणासाठी वेगळी रसायनं लागतात, ती त्यात नसतात. ब्रेक दाबले की करकरतात आणि पकड धक्क्याधक्क्याने येते. ऑइल बदलण्याआधी सक्शनचा जाळीचा फिल्टर काढून बघा. बऱ्याचदा घरघर ऑइलपेक्षा त्याच्यावरच्या लगद्याची असते, आणि पाण्याचे थेंब असतील तर उणे २० ला ते जाळीवर बर्फ होऊन बसतात. दहा मिनिटांत लीव्हर हलवून ऑइल तापल्यावर आवाज पूर्ण गेला तर ऑइल, थोडा तरी राहिला तर जाळी.


डिपस्टिक

एक नोंद राहिली. हिवाळाभर आठवड्याला डिपस्टिक बघताना पातळी कमी झाली का एवढंच बघू नका, वाढली का तेही बघा. एक थेंब टिश्यू पेपरवर टाका आणि तासाभराने बघा. मधल्या काळ्या डागाभोवती फिकट, तेलकट कडं लांब पसरलं असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर फीड पंपाचा पडदा किंवा इंजेक्शन पंपाचं सील डिझेल आत सोडतंय. अशा वेळी तास किती झाले ते न बघता ऑइल काढा, आणि आधी गळती बंद करा, मगच नवं भरा.